समुद्र नसलेल्या देशाने पकडलेल्या बोटी

दुकानातून,
३ मार्च

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

साठी उलटली तरी माझ्या पत्रात तू बाळच राहणार, उगाच तक्रार करू नकोस. परवा फोनवर माझं वाक्य अर्ध्यात तोडून तू फोन ठेवलास, म्हणून हा कागद. पत्रात निदान मला मध्येच थांबवता येत नाही.

तुझ्या साहेबांची टीव्हीवरची चर्चा पाहिली. ज्यांच्या प्रचारासाठी तू तुझं चष्म्याचं दुकान दुपारनंतर बंद ठेवतोस, त्यांना ऐकावं म्हणून हातातली शिवण बाजूला ठेवून बसले. पाण्यावर बोलले ते चांगलं बोलले. तिसऱ्या मजल्यावर नळाला वाटीभर पाणी येतं हे ज्याला कळतं तो माणूस वाईट नसावा. पण मग परराष्ट्र धोरण निघालं आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. आपल्या कोळ्यांच्या बोटी पकडून ठेवणारा देश कोणता, हे शाळेतलं पोर सांगेल. यांनी नाव घेतलं ते माझ्या सुनेच्या देशाचं! दोन्ही नावांत एका अक्षराचा फरक आहे, कबूल. पण तिच्या देशाला समुद्रच नाही रे. चहूकडून डोंगर. ज्याच्याकडे किनारा नाही तो बोटी कशाने पकडणार, चिमट्याने?

सूनबाई तर खो खो हसली. म्हणाली की त्यांच्याकडे एक तळं आहे, त्यात पायाने चालवायच्या बोटी आहेत, त्या तेवढ्या रविवारी भाड्याने मिळतात. चिरंजीवही हसले. पण साहेब तिथे थांबले नाहीत ना. त्या देशाची माणसं आपल्यात राहतात, त्यांच्यावर नजर ठेवा, असंही वर म्हणाले. तेव्हा हसू ओसरलं आणि मी टीव्ही बंद केला.

तू त्यांच्या जवळचा आहेस. कानावर घाल. पुढच्या सभेत चूक झाली म्हणून सांगून टाकायचं, एका वाक्याचं काम आहे. माझ्या हातून बाही उलटी लागली तर मी उसवते आणि पुन्हा लावते, त्यात माझं नाक कापलं जात नाही.

वहिनीचा गुडघा कसा आहे? तिचा कोट तयार आहे, अस्तर बदललंय. लोभ आहेच, पण उत्तर लवकर आलं तर वाढेल.

तुझी,
ताई


दुकानातून (माझ्या),
८ मार्च

ती. स्व. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून तुझी वहिनी इतकी हसली की गुडघा विसरली. चिमट्याचं वाक्य तिने शेजारी दोनदा सांगितलं. कोट न्यायला येतोच.

आता साहेबांचं. ताई, चूक झाली हे खरं, पण ती अज्ञानाची नव्हे, डोळ्यांची. त्यांना वाचायचा चष्मा मीच करून दिलाय. पण फलकावरचा फोटो बिनचष्म्याचा छापलाय, त्यामुळे लोकांसमोर ते चष्मा लावत नाहीत. समोरच्या कागदावर नाव बरोबर होतं. त्यांनी ते अंदाजाने वाचलं. सगळ्या गावाचे नंबर मी काढतो आणि माझाच माणूस कॅमेऱ्यासमोर चाचपडतो, हे तू म्हणायच्या आत मीच म्हणून टाकतो.

पण खरं सांगू? कोणाला काही पडलेलं नाही. रोज दुकानात माणसं येतात. पाणी कधी, बस कधी, दवाखान्यात डॉक्टर कधी, हे विचारतात. परदेशाचं कोणी एक अक्षर काढत नाही. समोरच्या उमेदवाराने तर दोन राजधान्यांची अदलाबदल केली होती, त्याचं काय वाकडं झालं? लोक मत देतात ते आपल्या नळाकडे बघून. नकाशा बघून मत देणारी तू एकटीच.

सुधारणा करायची म्हणशील, तर झाकली मूठ कशाला उघडायची? ज्यांना कळलं नाही त्यांनाही कळेल. चार दिवसांत सगळे विसरतील. सूनबाईला सांग, मामा म्हणतो मनावर घेऊ नकोस. तिच्या तळ्यातल्या बोटीत मलाही एकदा बसायचंय.

लोभ उसवू नये, ही विनंती.

तुझा,
बाळ (वय वर्षे एकसष्ट)


दुकानातून,
१९ मार्च

चि. बाळास,
आशीर्वाद. आज उत्तम वगैरे नाहीत, नुसतेच.

तू लिहिलंस की कोणाला काही पडलेलं नाही. तर ऐक.

सूनबाई ज्या पाळणाघरात काम करते तिथे गेल्या आठवड्यात एका बाळाच्या आईने तिला विचारलं की आमची माणसं तुम्ही कधी सोडणार. हिला आधी वाटलं, मुलं घरी सोडायच्या गाडीबद्दल विचारतेय. मग कळलं, बोटींवरची माणसं! हिने शांतपणे सांगितलं की तो देश वेगळा. ती बाई म्हणाली की टीव्हीवर मोठ्या माणसाने सांगितलंय, तो काय खोटं बोलेल? दुसऱ्या दिवशी एका बापाने आपली मुलगी हिच्याकडे न देता दुसऱ्या बाईकडे दिली. तिसऱ्या दिवशी आणखी दोघांनी. मुलगी रडत हिच्याकडे हात करत होती म्हणे. पाळणाघर चालवणाऱ्या बाईंनी काल हिला आत बोलावून पाणी दिलं, तुझ्याबद्दल माझी काही तक्रार नाही असं तीनतीनदा सांगितलं आणि निवडणूक होईपर्यंत घरी बसायला सांगितलं. तक्रार नाही तर घरी कशाला बसवता, हे विचारायचं हिला सुचलं नाही. मला सुचलं, पण मी तिथे नव्हते.

माझ्या दुकानातही तेच. वरच्या गल्लीतल्या मास्तरीणबाई पडदे परत घेऊन गेल्या, न शिवता. घाई नाही म्हणाल्या. घाई नव्हती तर आणले कशाला होते?

तुझं म्हणणं की चूक कोणाच्या लक्षात आली नाही. अगदी बरोबर. चूक आहे हेच कोणाला कळलं नाही, म्हणून तर सगळ्यांनी ती खरी धरली! चूक कळली असती तर लोक साहेबांना हसले असते. कळली नाही, म्हणून माझ्या सुनेकडे बघतात. तू नंबर काढतोस, तुला एवढं दिसू नये?

चिरंजीव लिफ्टच्या कामावरून येतात आणि टीव्हीकडे पाठ करून जेवायला बसतात. सूनबाईच्या आईचं सारखं चाललंय की दोघं इकडे या, इथे लिफ्टा आहेत आणि मुलंही आहेत. पूर्वी हे गमतीने चालायचं. आता चिरंजीवांनी तिकडच्या कामासाठी अर्ज केलाय. बाळ, मला हे घर रिकामं नकोय. मी सरळ सांगते, मला भीती वाटते. साहेबांना एक वाक्य बोलायला लाव.

लोभाचं नंतर बघू.

ताई


घरून,
२५ मार्च

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि तडक साहेबांकडे गेलो. त्यांना खरंच वाईट वाटलं, शपथेवर सांगतो. सभेत सांगून टाकतो म्हणाले. मी जिने उतरून रस्त्यावर येतोय तोवर त्यांच्या सल्लागाराने मला हाक मारून परत वर नेलं. हा सल्लागार म्हणजे दोन फोन आणि एक दाढी. त्याने मला समजावलं की त्यांनी लोकांना विचारून पाहिलंय, त्या चुकीमुळे एकही मत हललेलं नाही. पण चूक कबूल केली तर विरोधक ते वाक्य रोज वाजवतील. साहेब खिडकीतून बाहेर बघत होते. मी म्हटलं की माझ्या भाचेसुनेचं काम गेलंय. त्याने विचारलं की तिला मत आहे का. मी नाही म्हटलं. त्यावर तो फोनकडे बघायला लागला.

मला राग आला, पण ताई, त्याचं गणित चुकीचं नाही. साहेब पडले तर पाण्याची योजना गेली. समोरचा माणूस कसा आहे हे तुला माहीतच आहे, आधीच्या खेपेला त्याने पाइप आणले आणि ते त्याच्या मेव्हण्याच्या अंगणात गंजले. महिन्याभराचा प्रश्न आहे. तोवर थोडं सबुरीने घ्यावं. मी पाळणाघरवाल्या बाईंना भेटायला येतो, माझं ऐकतील.

आणि एक सुचवू का? सूनबाईला सांग, कोणी विचारलं तर दुसऱ्याच कुठल्यातरी देशाचं नाव घ्यावं. दिसायला ती कुठलीही चालेल. ताकाला जाऊन भांडं लपवण्यातला प्रकार आहे, पण निवडणुकीपुरताच. कोणाला एवढं कळतंय?

रागावू नकोस. रागावलीस तर लोभासकट रागव.

तुझा,
बाळ


२ एप्रिल

ती. स्व. मामांना,
सा. न. वि. वि.

हे चार अक्षरं आईंनी मला लग्नानंतर शिकवले. अर्थ पण सांगितला. मला आवडतो की तुमच्या भाषेत नमस्कार इतका घाईत असला तरी पूर्ण असतो.

आई तुमच्यावर रागावल्या आहेत म्हणून मी लिहिते. त्यांनी तुमचं पत्र मला वाचून दाखवलं नव्हतं, मीच वाचला. तुम्ही वाईट मनाने लिहिलं नाही, हे मला माहीत आहे. तुम्ही माझ्या लग्नात माझ्या आईशी दोन तास बोललात, तुम्हाला तिची भाषा येत नव्हती आणि तिला तुमची. घरी गेल्यावर तिने सांगितलं की त्या गृहस्थांना गुरांबद्दल खूप माहिती आहे.

पण दुसऱ्या देशाचं नाव मी घेणार नाही. तुम्ही लिहिलं, दिसायला मी कुठलीही चालेल. मामा, मी कुठलीही नाही. आमच्या गावाच्या वर एक डोंगर आहे, त्याचा नाव पण घेतला तरी मला रडायला येतो. आणि ज्याने बोटी पकडल्या त्या देशाचे पण लोक इथे असतील. त्यांनी तरी काय केलं? ते कोणाच्या नावामागे लपणार?

मी इथे आले तेव्हा रोज चुकत होते. मी म्हणायची, ती दूध, तो खिडकी. पाळणाघरातली मुलं पण मला सुधारायची. चार वर्षांचा एक मुलगा कमरेवर हात ठेवून म्हणायचा, ते दूध! भाजीवाला सुधारायचा, बसमधला कंडक्टर सुधारायचा. मला कधी वाईट वाटलं नाही. मला वाटायचं, या लोकांना मी बरोबर बोलायला हवी आहे, म्हणून सांगतात. तुमच्या साहेबांना कोणीच का सांगत नाही? त्यांच्यावर कोणाची माया नाही का?

यांना तिकडे काम मिळालं आहे. परवा कळलं. मला जायचं नाही. पण पाळणाघर मला बंद आहे आणि मी दिवसभर आईंच्या दुकानात बटणं लावते आणि कोणी आलं की आत जाते. आईंनी कधी आत जा म्हटलं नाही. मीच जाते. ते मला आवडत नाही.

तुम्ही सांगा ना साहेबांना. तुमचं ऐकतील. माझ्या पत्रात जिथे चूक असेल तिथे खूण करून परत पाठवा.

माया असू द्या.

तुमची,
भाचेसून


घरून,
२९ एप्रिल

ती. स्व. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

जिंकलो! मागच्यापेक्षा मोठ्या फरकाने. तू फोन उचलत नाहीस, मी फोन करकरून थकलो, म्हणून शेवटी तुझ्याच पद्धतीने सांगतोय.

आणि खरी बातमी वेगळीच आहे. सूनबाईचं पत्र मी खिशात घालून हिंडत होतो. वहिनीने ते वाचलं आणि माझ्याशी बोलणं टाकलं, म्हणजे घरात दोन्हीकडून मार. शेवटच्या सभेला, मतदानाच्या आदल्या दिवशी, बाजार चौकात माइक तपासायला मी वर चढलो आणि उतरलोच नाही. सांगून टाकलं की बोटी त्या देशाने पकडलेल्या नाहीत, त्याला समुद्रच नाही, साहेबांनी चष्मा न लावता नाव वाचलं आणि चष्मा मी केलेला असल्याने मला सगळं माहीत आहे. माझी भाचेसून तिथली आहे आणि तिचं काम या चुकीपायी गेलंय, हेही सांगितलं. माइकचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला होता. सल्लागार दोन्ही फोन घेऊन माझ्याकडे धावला.

आणि काय झालं असेल? काहीच नाही! दोनचारजण हसले. मागून एकाने ओरडून विचारलं की ते राहू द्या, पाणी कधी येणार. मग साहेब उठले, खिशातून चष्मा काढून लावला, चष्मेवाले म्हणतात ते बरोबर आहे, माझं चुकलं, असं म्हणाले आणि थेट पाण्यावर आले. टाळ्या पडल्या. विरोधकांनी ते वाक्य वाजवलंही नाही, त्यांना ते वाजवण्यासारखं वाटलं नसावं. एक मत गेलं नाही, ताई.

म्हणजे मी सुरुवातीला म्हटलं तेच खरं ठरलं, लोकांना फरक पडत नाही. आणि तुझंही काम झालं. आता पाळणाघरवाल्या बाई सूनबाईला बोलावतील. तिच्या पत्रावर मी एकही खूण केलेली नाही, तिला सांग. रविवारी कोट न्यायला आणि तुझ्या हातचा चहा प्यायला येतो.

लोभ पुन्हा पूर्वीसारखा चालू करावा.

तुझा,
बाळ


घरून,
३ मे

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी ये. पण मी एकटीच आहे. दोघं गेली, तुझ्या त्या सभेच्या सकाळीच. तू चौकात बोलत होतास तेव्हा त्यांचं विमान उडालेलं होतं. मी मुद्दाम तुला कळवलं नाही. कळवलं असतं तर तू विमानतळावर येऊन समजूत घातली असतीस आणि मला तेव्हा समजूत नको होती.

तू माइकवर उभा राहिलास हे ऐकून ऊर भरून आला, खोटं कशाला सांगू. लहानपणी वर्गात कविता म्हणायला उभा राहायचास तेव्हाही बाकाची कड अशीच घट्ट धरून ठेवायचास. पण बाळ, बैल गेला नि झोपा केला. पाळणाघरवाल्या बाई परवा स्वतः जिने चढून आल्या, सूनबाईला उद्यापासून पाठवा म्हणाल्या. मी ती गेली म्हणून सांगितलं तर त्यांना धक्काच बसला. एवढ्याशा गोष्टीवरून, असं म्हणाल्या. मास्तरीणबाई पडदे घेऊन परत आल्या. त्यांनी तुझं भाषण ऐकलेलं नाही, साहेबांचा चष्माही पाहिलेला नाही. त्यांच्या लेखी त्या बोटी अजून सुनेच्या देशातच आहेत. फक्त निवडणूक संपली म्हणून राग संपला.

तू मोठ्या आनंदाने लिहिलंस की एकही मत गेलं नाही. मी ते वाक्य वाचलं, उठून नळ चालू केला, बंद केला, पुन्हा वाचलं. मतं जाणार नव्हती तर महिनाभर सगळे भीत कशाला होतात? साहेबांना ते वाक्य बोलायला घसा ओला करण्याइतकाही वेळ लागला नाही, असं तूच लिहितोस. तेच मार्चमध्ये बोलले असते तरी निवडून आलेच असते. माझी सून आज इथे बटणं लावत बसली असती. चूक केल्याने काही बिघडत नाही आणि सुधारल्यानेही काही बिघडत नाही, तर मग तुम्ही न सुधारणंच का निवडलंत? याचं उत्तर मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. सल्लागाराच्या नको.

आता तुला ओरडून झालं. पुढचं लिहायला हात रेटत नाही, पण लिहिते.

मतदानाला मी गेले. रांगेत उभी असताना मनात एकच होतं, या माणसाला मत द्यायचं नाही, हात तुटला तरी. आत गेले. समोरच्याचं नाव पाहिलं आणि मेव्हण्याच्या अंगणातले ते गंजलेले पाइप आठवले. तिसऱ्या मजल्यावर रोज बादल्या वाहून माझे खांदे गेलेत, आणि आता वाहायला घरात दुसरं कोणी नाही. बाळ, मी तुझ्या साहेबांना मत दिलं. माझी सून ज्याने घालवली त्याला, ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, मी मत दिलं. तुझ्या त्या न हललेल्या मतांत माझंही आहे. सल्लागाराला सांगू नकोस.

संध्याकाळी तिचा फोन आला. सुखरूप पोचली, आईकडे थंडी आहे, डोंगर जागेवर आहे, असं सगळं सांगितलं. मग हळूच विचारलं की मी मत कोणाला दिलं. मी म्हटलं, कोणालाच नाही, मी गेलेच नाही.  ती म्हणाली की आई, माझ्यासाठी तुम्ही घरी बसलात, हे मी कधी विसरणार नाही. आणि रडली.

तिचा फोन रोज येतो. रोज मी ठरवते की आज सांगायचं. एका वाक्याचं काम आहे. अजून सांगितलेलं नाही.

तू ये. लोभ कर, नाहीतर राग कर, पण ये.

तुझी,
ताई